एका घरात एक शब्द

१७ जानेवारी २००२, गुरुवार

श्रीराम श्रीराम श्रीराम श्रीराम श्रीराम श्रीराम कुकर

अगं बाई! कुकरची शिट्टी झाली आणि हाताने तेच लिहिलं. रामाच्या घरात कुकर! आता खोडताही येत नाही. वह्या वाटताना बुवांनी बजावलंय — खाडाखोड नको, पान फाडायचं नाही, लाल शाई सोडायची नाही. पुढे पुन्हा श्रीराम लिहायला घेतलं, पण कुकरच्या शेजारी रामाला बसवायला मन होईना. म्हणून हे लिहीत बसले. पान भरत आलं की हो!

१८ जानेवारी

सकाळपासून धाकधूक. पण कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी रोजच्यासारखी वही उघडली, ओळींवरून बोट फिरवलं, कुंकू लावलं, कपाळाला टेकवली आणि देवघरात ठेवली. त्यांना अक्षरओळख नाही.

वही मारुतीच्या देवळाची आहे. जुनं पत्र्याचं देऊळ काढून आमच्या वाडीत नवं बांधायचंय. त्याच्या पायात प्रत्येक घरची एक जपाची वही जाणार, अक्षय्य तृतीयेला. वहीला शंभर पानं, पानावर छापील चौकोन, एकशे आठ. सासूबाई त्यांना घरं म्हणतात. एका घरात एक राम. आमच्या खऱ्या घरात आम्ही तिघंच. सासरे गेल्याला सहा वर्षं झाली. हे वीर स्टेशनवर रिक्षा चालवतात, दिवस उगवायला जातात ते दिवे लागल्यावर येतात. सासूबाईंना लिहिता येत नाही. उरले मी, बारावी पास!

सासूबाई म्हणाल्या, "हात तुजा, पुन्य माजं." आणि मग जरा वेळाने, "मी गेले तरी देवाच्या पायाशी काय तरी माजं ऱ्हाईल गो."

आणि मी तिथे कुकर लिहून ठेवलाय.

२० जानेवारी

काल आणि आज मुकाट्याने श्रीराम लिहिले. नव्वदाव्या घराशी पेंग आली. देवघराच्या चौकटीवर कपाळ आपटलं.

२१ जानेवारी, सोमवार

आज खरं काय ते लिहिते. मला हा वेळ हवा आहे. रामासाठी नाही, माझ्यासाठी.

लग्नाला चार वर्षं होतील. चार वर्षांत मी कधी तासभर एका जागी बसले असेन तर शपथ. बसले की म्हैस हंबरते, नाहीतर दूध उतू जातं, नाहीतर शेजारच्या ठकूबाई विरजण मागायला येतात. पण दिवेलागणीला मी वही घेऊन बसले की सगळं घर पाय न वाजवता चालतं! परवा ह्यांनी चहा मागितला तर सासूबाई दारातूनच म्हणाल्या, "गप रे, जप चाललाय तिचा." ह्यांनी स्वतः चहा केला. किरण जाधवने चहा केला! तुडीलला माझ्या माहेरी सांगितलं तर कोणाला खरं वाटायचं नाही.

माहेराहून येताना ट्रंकेत एक वही आणली होती मी. कॉलेजात असताना लिहायचे त्यात काहीबाही — सावित्री नदीवर संध्याकाळी उजेड कसा लोळतो, असलं. पहिल्याच वर्षी सासूबाईंनी ती चुलीत घातली. रागाने नाही हो. लाकडं ओली होती आणि त्यांना कागद तो कागद. मी पुन्हा वही केली नाही.

देवाची वही मात्र कोणी चुलीत घालणार नाही.

२२ जानेवारी

पाप आहे का? असेल.

२ फेब्रुवारी, शनिवार

आता सवय झाली. पहिल्या ओळीत श्रीराम, तो हक्काचा. मग पुढच्या घरांतून माझे शब्द. एका घरात एकच. लांबून बघणाऱ्याला जपच वाटावा.

याने एक मजा झालीय. प्रत्येक शब्दाला स्वतंत्र घर द्यायचं म्हटलं की माणूस विचार करतो. 'अतिशय'ला घर द्यायचं जिवावर येतं. 'सुंदर'ला तर मी गेल्या आठवड्यापासून दारातच उभा केलाय. 'भाकर' आली की लगेच आत घेते. कॉलेजात माझ्या निबंधावर सर लिहायचे, शब्दबंबाळ. सरांनी चौकोनांचा कागद दिला असता तर तेव्हाच सुधारले असते! उद्गारचिन्हाला मात्र वेगळं घर नाही, ते शब्दाच्या ओसरीवर बसतं.

११ फेब्रुवारी

पहाटे वरंधकडच्या दरीत धुकं भरलं होतं. खालची गावं, रस्ता, घाटाच्या गाड्या, काही म्हणजे काही नव्हतं. आमची वाडी तेवढी पाण्यावर ठेवल्यासारखी. एक कोंबडा कुठूनतरी खालून आरवला, जसा काही ढगाच्या पोटातून.

धुकं गोठ्यापर्यंत चढून आलं. म्हशीने मान बाहेर काढली आणि जीभ लांब करून हवा चाटली. तेव्हाच वाक्य आलं — म्हशीने ढग चाटला. दिवसभर ते तोंडात घोळवत राहिले. शेण काढताना, नाचणीचं पीठ मळताना, विहिरीवर. विसरेन म्हणून भीती. दिवेलागण कधी होते असं झालं. आत्ता लिहिलं, तीन घरांत तीन शब्द. आता सुटल्यासारखं वाटतंय.

१२ फेब्रुवारी

"काय गो संजी, हसतेस काय आपल्याशीच?" सासूबाई. मी म्हटलं, काही नाही आत्या. (त्यांना मी आत्याच म्हणते.)

१ मार्च

सासूबाई पाणवठ्यावर माझं कौतुक करतात. ठकूबाईंची सून तेजश्री वही घेतली की पेंगते, रेघ पार पानाबाहेर जाते म्हणे. सासूबाई सांगत होत्या, "आमची संजीवनी एकदा बसली का मान वर करत नाय. समोरून वाघ गेला तरी कळायचा नाय तिला." बायका माझ्याकडे असं बघत होत्या की मी जणू काही संतीणच! हंडा उचलून पळाले.

१३ मार्च, बुधवार

काल महाशिवरात्र. उपासाचं सगळं सासूबाईंनीच केलं. "तू तुजा जप कर," म्हणाल्या. रताळी सोलताना गुणगुणत होत्या, डोळे कुठेतरी लांब. कधी कधी त्या अशा थांबतात. हातात काम असतं, पण त्या तिथे नसतात. मी ते लिहिलं. रताळ्याची साल परातीत पडत राहते आणि बाई दुसऱ्याच गावाला गेलेली असते. दोन पानं झाली. त्यांच्याच पुण्याच्या वहीत मी त्यांनाच लिहितेय, आणि त्या ती वही कपाळाला लावतात. मला आज जेवण गेलं नाही.

ह्यांनी विचारलं, "किती झाले राम?"

म्हटलं, मोजायचे नसतात.

"बरं!" म्हणाले. बिनअंघोळीचे वहीला हात लावत नाहीत, हीच माझी ढाल.

२९ मार्च, धुळवड

रानात पालापाचोळ्याचे राब भाजतायत. सगळ्या डोंगराला धुराचा वास. पळस पेटलाय. खालून ढोल ऐकू येतो आणि मध्येच वारा तो उचलून दुसरीकडे नेतो. आज फक्त एवढंच. डोळे मिटले की सगळं लाल दिसतं, शाईसारखं.

८ एप्रिल, सोमवार

मेले!

देवळाच्या कमिटीचा दत्ताराम आला होता. ओटीवर बसून सांगितलं, "काकी, पायाभरणीला बुवा सोत्ता येनार. हरएक वही उघडनार, एक वळ मोठ्यानं म्हननार, आन् समदं गाव पाठीमागून म्हननार. मगच पेटीत. असं ठरलं हाय."

सासूबाई हरखल्या. "म्हंजी आमच्या वहीतलं समदं गाव म्हननार?"

मला डोळ्यांपुढे दिसलं. बुवा वही उघडतात, चष्मा सारखा करतात, आणि म्हणतात — म्हशीने ढग चाटला. आणि चाळीस घरचं गाव हात जोडून मागून म्हणतं — म्हशीने ढग चाटला!

हसू आलं. मग रडू आलं. माझी फजिती होईल ती होवो. पण सासूबाईंचं काय? गावात मान वर करून चालणारी बाई. 'विठाबाईच्या वहीत राम नाही' हे त्यांना आयुष्यभर पुरेल. आणि देवाच्या पायाशी ठेवायला ती एकच तर वस्तू मागितली त्यांनी.

९ एप्रिल

सांगून टाकावं का? आज तीनदा तोंड उघडलं. तीनदा पाणी प्यायले.

१२ एप्रिल, शुक्रवार

पाडव्याची खरेदी म्हणून महाडला गेले. पूजासाहित्याच्या दुकानात तशीच वही मिळाली. तेच चौकोन, तसंच कव्हर. पदराखाली धरून आणली, चोरीचा माल असावा तशी. ठरवलं — ही खरी लिहायची. शंभर पानं, एकशे आठ प्रमाणे, सगळेच्या सगळे राम. दुपारी गुरांमागे जाते तेव्हा. महिना आहे. होईल.

आणि ही? ही कुठेतरी लपवेन. चुलीपासून लांब.

१९ एप्रिल

जांभळीखाली बसून लिहिते. गुरं चरतात, मी राम लिहिते. मनगट सुजलंय. दिवेलागणीला ही वही उघडते तेव्हा हात उचलत नाही, पण उघडते. ती कर्तव्याची, ही हौसेची. म्हणजे मला आता दोन संसार!

२८ एप्रिल, रविवार

आज काहीतरी झालं, नीट सांगता येईल की नाही कोण जाणे. राम लिहिता लिहिता चार-पाच हजारांच्या पुढे कुठेतरी तो शब्द शब्दच राहिला नाही. नुसता हात वर, हात खाली. जातं फिरतं तसा. जांभळीच्या पानांतून ऊन घरांमध्ये पडत होतं, वाऱ्याने हलत होतं, आणि मला कळेना की घरात राम मी लिहिला की उन्हाने. कंटाळा नव्हता. मी पण नव्हते तिथे. गुरं किती लांब गेली ते भानावर आल्यावर कळलं. तांबू गाय तर पार ओढ्यापर्यंत!

आजवर जपाला मी मनात हसायचे, ते आता हसणार नाही. पण खरं सांगायचं तर ओढ्याकडे धावताना पहिला विचार हाच आला की हे आज लिहायचं.

३ मे

करवंदं पिकली. जीभ जांभळी, बोटं लाल. सासूबाई वहीवर बोट फिरवून म्हणाल्या, "आज थोडंच लिवलंस." चोराच्या मनात चांदणं. दचकले.

११ मे, शनिवार

नवी वही पूर्ण! दहा हजार आठशे राम. एकही कुकर नाही.

१४ मे

सासूबाई ठकूबाईंकडे गेल्या होत्या तेवढ्यात अदलाबदल केली. नवीला कुंकू लावलं, जुन्याइतकं दिसावं म्हणून चार वेळा. कव्हरवर नाव घातलं, सौ. नाही, श्रीमती विठाबाई हैबती जाधव. ही वही नाचणीच्या कणगीत. आत्ता कणगीच्या आडोशाला बसूनच लिहितेय, नाकात कोंडा जातोय.

उद्या सगळं नीट होईल. पुण्य त्यांचं त्यांना मिळेल. मग मला असं का वाटतंय की मी त्यांना दुसऱ्यांदा फसवतेय?

१५ मे, अक्षय्य तृतीया

सगळं क्रमाने लिहिते.

वाजतगाजत निघालो. बायकांच्या डोक्यावर वह्या. सर्वांत पुढे सासूबाई, आमची वही हिरव्या खणात बांधलेली. पायाच्या खड्ड्याशी पत्र्याची पेटी मांडलेली. बुवा एकेक वही घ्यायचे, उघडून एक ओळ म्हणायचे, गाव मागून म्हणायचं. ठकूबाईंची झाली. साळूबाईंची झाली. मग आमची पाळी. सासूबाईंनी खण सोडला आणि वही बुवांना देण्याआधी सवयीने उघडली. ओळीवर बोट फिरवलं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. बोट थांबलं.

"ही आमची न्हवं," त्या म्हणाल्या.

ढोलकी बंद पडली. दत्ताराम पुढे आला. "काकी, तुमचीच ती. वर नाव हाय ना तुमचं."

"नाव असंल. पन ही न्हवं. ह्यात समदी घरं एकसारकी हायत."

गाव हसलं. बुवाही हसले. "माउली, राम सगळीकडे सारखाच असतो!" सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी वही बुवांच्या हातात दिली, वाकून पेटीला नमस्कार केला. श्रीराम श्रीराम, गावाने म्हटलं.

परतताना आम्ही दोघीच पुढे. चढ संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"ती कुठं हाय?"

"कणगीत."

"कणगीत? उंदरं खातील ना गो!"

मी थांबलेच. म्हटलं, आत्या, ती देवाची नाही. तिच्यात जप नाही.

"म्हायती हाय."

कधीपासून, विचारलं.

"दुसऱ्या दिसापासून. मला वाचता येत नाय, म्हून दिसत बी नाय काय? एकच नाव शंभर येळा लिवलं तर शंभर येळा तेच दिसाया होवं. तुज्या वहीत एक घर दुसऱ्यासारकं नाय."

चार महिने! चार महिने ही बाई रोज बोट फिरवून बघत होती, आणि मी समजत होते की हिला काय कळतंय. कसंबसं विचारलं, मग बोलला का नाहीत?

त्या वाटेतल्या दगडावर बसल्या. पदराने तोंड पुसलं. "राम लिवायचीस तवा पेंगायचीस. हे लिवताना कदी पेंगली नायस. मला वाटलं, गाऱ्हानं घालतेयस देवाला. राम काय, समदं गाव लिवतंय. गाऱ्हानं बी पोचाया नको का गो? मला तीच घालायची व्हती पायात."

मी तिथेच रडले. रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. रडता रडता सांगितलं की गाऱ्हाणं नाही आत्या, त्यात म्हैस आहे, धुकं आहे, राब आहे. तुम्ही पण आहात.

"मी? माजं काय लिवलंस?"

"तुम्ही रताळी सोलता ते."

"आयो!" म्हणाल्या, आणि चक्क लाजल्या. मग उठल्या. घरी आल्यावर पाय धुतले, आधी कणगीत हात घालून वही काढली, झटकली, पदराने पुसली आणि देवघरात नेऊन ठेवली. ह्यांनी विचारलं, आता कसली वही? "तिची," म्हणाल्या.

१६ मे, गुरुवार

दिवा लागला. सासूबाई आपणहून शेजारी येऊन बसल्या. "आता माजं लिव." काय लिहू विचारलं. त्यांनी दिव्याची वात पुढे सारली. मग म्हणाल्या, "किरनच्या आदी मला पोरगी व्हती. तीन वर्साची झाली आन् गेली. तुजे मामंजी म्हनले, पुडचं मूल जगाया होवं तर तिचं नाव काडायचं नाय. नाय काडलं."

ह्यांना ठाऊक नाही. कुठल्या कागदावर नाही. नाव विचारलं तर त्यांनी आधी दाराकडे बघितलं, मग हळूच सांगितलं. तेहतीस वर्षांनी.

अनशी.